ट्रॅप कोरडा, नळी ओली: एअरब्रशमधून पाणी उडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मॉडेलर मित्राचं आहे, म्हणजे तो गाड्या-विमानांची छोटी प्लास्टिकची मॉडेलं जोडून एअरब्रशने, हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या ब्रशने, रंगवतो. त्याला विचारूनच लिहितोय, नाव-गाव देत नाही, इथे त्याला नुसतं मित्र म्हणतो. मी यात पहिल्या दिवसापासून फोनवर सल्ले देत होतो आणि त्यातला पहिलाच सल्ला चुकला. तोही लिहितो, कारण तीच चूक अजून बरेच जण करताना दिसतात.

मित्र १/२४ स्केलची एक कार करत होता, गडद निळा ग्लॉस आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक चकचकीत थर. ज्यांनी कार रंगवलीय त्यांना माहितीय, रणगाड्यावर रंग थोडा खरखरीत बसला तर धूळ-चिखलाचं वेदरिंग करून झाकता येतं, पण कारच्या छतावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी उजेडात धरल्या धरल्या तो आधी दिसतो. बॉडीवरच्या मोल्डच्या रेषा काढणं, प्राइमर, परत घासणं, परत प्राइमर यात त्याचे दीड-दोन महिने गेले होते.

सेटअप साधा. छोटा ऑइललेस पिस्टन कॉम्प्रेसर, टाकी नाही, ट्रिगर सोडला की आपोआप बंद होणारा. रेग्युलेटर (प्रेशर कमी-जास्त करणारा) आणि वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी खालच्या वाटीत गोळा करणारा) कॉम्प्रेसरच्या अंगावरच बसवलेला, तसाच तो विकत मिळतो. तिथून ३ मीटर ब्रेडेड होस, म्हणजे हवेची नळी, आणि पुढे ०.३ मिमी नोझलचा डबल अ‍ॅक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग) एअरब्रश. प्रेशर १.२ बारच्या आसपास, म्हणजे साधारण १७ पीएसआय. रंग सॉल्व्हंटवाला लॅकर, त्यामुळे खिडकीतून हवा बाहेर टाकणारा बूथ आणि तोंडावर ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क. याच सेटअपवर त्याने उन्हाळाभर दोन विमानं आणि एक मोटरसायकल रंगवली होती आणि एकदाही थेंब उडाला नव्हता.

मग पावसाळा लागला.

काय झालं

शनिवारी रात्री साडेनऊला तो बसला. खोलीतल्या डिजिटल मीटरवर तापमान ३० आणि आर्द्रता ८० टक्के. बॉनेट झालं, दोन्ही बाजू झाल्या, सगळं मस्त गुळगुळीत बसत होतं. दहा-बारा मिनिटांनी छतावर एअरब्रश फिरवत असताना त्याचा आवाज क्षणभर बदलला, फुरर्र असा, आणि ओल्या निळ्या रंगात तीन गोल चट्टे उमटले. मधे फिकं आणि कडेला गडद वर्तुळ. त्याला वाटलं नोझलमधे कचरा अडकला असेल, त्याने हवा मारून साफ केलं आणि पुढे चालू. मिनिटभरात परत तेच.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो हुकला. ओला चट्टा त्याने टिशूच्या टोकाने टिपायला घेतला. लॅकर वरून कातडी धरतो पण आत ओलाच असतो, टिशूचे तंतू चिकटले, रंग ओढला गेला आणि तीन चट्ट्यांच्या जागी बोटभर लांब जखम झाली. पाणी रंगात पडलं की काहीही न करता बाजूला ठेवायचं असतं, पाणी उडून जातं, उथळ खड्डा राहतो आणि पूर्ण वाळल्यावर तो घासून निघतो. पण दोन महिन्यांची मेहनत समोर बिघडताना दिसत असते तेव्हा हात स्वस्थ बसत नाही, हे मी समजू शकतो.

रविवारी त्याने एअरब्रश पूर्ण खोलला, धुतला, जोडला. बॉडीवरचं छत सोडून बाकी भाग चांगला होता, तर निदान डिकीवर क्लिअर मारून बघू म्हणून रात्री परत बसला. या वेळी थेंब उडायच्या आतच त्याने थांबवलं, पण पाच-सात मिनिटांनी बघतो तर डिकीवर सगळीकडे दुधाळ साय धरल्यासारखी. खोल निळ्याचा फिका राखाडी-निळा झालेला. तेव्हा त्याचा मला फोन आला, "अरे सगळंच पांढरं होतंय, पाणी येतंय लाइनमधून, काय करू?"

आधी जे चुकलं

मी ऐकलं आणि लगेच म्हटलं, ट्रॅप कमी पडतोय, त्याच्या शेजारी अजून एक ट्रॅप लाव. आत्मविश्वासाने सांगितलं आणि तिथेच चुकलो.

दोन गोष्टी मी विचारायलाच हव्या होत्या. एक, दोन्ही दिवशी जे पांढरं दिसलं ते सारखंच होतं का? आणि दोन, उन्हाळ्यापासून आत्तापर्यंत पावसाळा सोडून काय बदललंय? दोन्ही विचारलं नाही. त्यानेही बिचाऱ्याने माझं ऐकून दुसरा ट्रॅप आणला, पहिल्याला चिकटूनच लावला, टाकाऊ प्लास्टिकवर मारून बघितलं आणि तेराव्या मिनिटाला परत फुरर्र. दोन्ही ट्रॅपच्या वाट्या कोरड्या ठणठणीत.

हे त्याने सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट थांबून विचार करावासा वाटला. पाणी एअरब्रशमधून बाहेर येतंय, मग ते दोन ट्रॅप ओलांडून आलं कसं, तेही वाटीत एक थेंब न सोडता?

तपास

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. आधी आरशाची टेस्ट केली, ही टेस्ट मी आता सगळ्यांना सांगतो कारण तिला काही लागत नाही आणि ती खोटं बोलत नाही. एअरब्रशचा कप रिकामा आणि कोरडा, रंग नाही, थिनर नाही, नुसती हवा, आणि समोर दहा सेंटिमीटरवर आरसा. ट्रिगर दाबून घड्याळ लावून बसलो. अकरा मिनिटं आरसा स्वच्छ. बाराव्या मिनिटाला पहिला ठिपका आला, मग दर पंधरा-वीस सेकंदांनी एक. रंग नव्हताच, त्यामुळे रंग पातळ होता का, बाटली जुनी होती का, नोझल घाण होतं का हे सगळे प्रश्न तिथेच संपले. होस एअरब्रशपासून सोडवून टिशूवर हवा मारली तर टिशू भिजला, म्हणजे पाणी होसमधेच होतं.

मग मी ट्रॅपला हात लावला आणि पटकन काढून घेतला, इतका तो तापला होता.

तिथे सगळा उलगडा झाला. वॉटर ट्रॅप पाण्याचे थेंब पकडतो, वाफ पकडत नाही. आत हवेला गोल फिरवायचं, जड थेंब कडेला आदळून खाली वाटीत पडतात, बारीकसारीक फिल्टरला अडकतं, एवढंच त्याचं काम. जे पाणी अजून वाफेच्या रूपात आहे ते त्याच्यातून सरळ पुढे जातं. आणि कॉम्प्रेसरच्या अंगावर बसवलेल्या ट्रॅपला थेंब मिळणारच कुठून, तिथे हवा तर कडक गरम असते!

आकडे मांडून बघितलं की अजून स्पष्ट होतं. ३० डिग्रीला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं. आर्द्रता ८० टक्के म्हणजे त्यात २४ ग्रॅम आहे. आता कॉम्प्रेसरने ३ बार गेज प्रेशर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ३ बार जास्त, बनवलं म्हणजे ४ घनमीटर हवा १ घनमीटरमधे कोंबली, तर त्या १ घनमीटरमधे आलं ९६ ग्रॅम. हवा दाबताना तापते, ६० डिग्रीला १ घनमीटरमधे १३० ग्रॅम मावतं, म्हणून कॉम्प्रेसरपाशी ते ९६ च्या ९६ ग्रॅम सुखाने वाफ म्हणून राहतं आणि ट्रॅपमधून निघून जातं. पुढे होसमधे हवा खोलीच्या तापमानाला येते. रेग्युलेटरने प्रेशर उतरवल्यामुळे हवेला जागा थोडी जास्त मिळते, तरी १.२ बारला त्यातलं साधारण ५५ ग्रॅमच मावतं. उरलेलं चाळीसेक ग्रॅम होसच्या आतल्या भिंतीवर दव बनून बसतं. आधी नुसता ओलावा, मग बारीक थेंब, मग थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि हवा त्यांना ढकलत नोझलपर्यंत आणते. म्हणून पहिली दहा-बारा मिनिटं छान जातात. उन्हाळ्यात हवेत मुळातच पाणी कमी, वर बसायचा दहा-दहा मिनिटंच, म्हणून हा दोष तेव्हाही सेटअपमधे होताच पण कधी समोर आला नाही.

आता दुसरा प्रश्न विचारला, काय बदललंय? थोडं आठवून तो म्हणाला, "कॉम्प्रेसर बाहेर ठेवलाय ना, रात्री आवाजाने घरचे उठतात." बाहेर म्हणजे कुठे तर बाथरूमच्या दाराशी. ३ मीटरचा होस खोलीत येईल इतका जवळ. म्हणजे घरातली सगळ्यात दमट हवा तो कॉम्प्रेसर तीन आठवडे ओढत होता. खोलीतला मीटर ८० दाखवत असताना तिथे नेऊन ठेवला तर ९१ झाला.

दोन वेगळे रोग

राहिली डिकीवरची साय. त्याने आणि मीही तिला लाइनमधलं पाणीच धरलं होतं. पण थेंबाचा डाग गोल असतो, कडा असते, सुटा असतो. साय मात्र एकसारखी पसरलेली होती, आणि जिथे त्याने क्लिअर जास्त ओला मारला होता तिथे जास्त दाट.

याला ब्लशिंग म्हणतात आणि याचा कॉम्प्रेसरशी संबंध नाही. लॅकरमधला सॉल्व्हंट झटपट उडतो, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, रंगाची कातडी आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होते. ३० डिग्री आणि ८० टक्क्याला दवबिंदू २६ च्या आसपास असतो, म्हणजे कातडी नुसती चार डिग्री गार झाली की खोलीतल्या हवेतलं पाणी तिच्यावर जमतं आणि वाळत्या फिल्ममधे अडकतं. तेच आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १८ च्या जवळ असतो, बारा डिग्री गार व्हायला लागेल, तेवढं सहसा होत नाही.

खात्री करायला आम्ही प्लास्टिकचे तीन चमचे काळे रंगवून ठेवले आणि त्यांच्यावर तोच क्लिअर मारला. प्रत्येक वेळी कॉम्प्रेसर थंड असताना आणि दोन मिनिटांच्या आत, म्हणजे लाइनमधलं पाणी मधे येणार नाही. पहिल्या चमच्यावर ८० टक्क्याच्या खोलीत नेहमीच्या थिनरने, त्यावर साय धरली. दुसऱ्यावर त्याच खोलीत पण थिनरमधे रिटार्डर, म्हणजे रंग सावकाश वाळवणारं द्रव, घालून, अगदी कडेला थोडं धुरकट बाकी स्वच्छ. तिसऱ्यावर एसी लावलेल्या खोलीत ५५ टक्क्याला, रिटार्डर न घालता, आरशासारखा.

हे मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाणी दोन वाटांनी आलं होतं, एक होसमधून आणि एक थेट खोलीच्या हवेतून, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. दहा ट्रॅप लावले असते तरी साय धरलीच असती, आणि कितीही रिटार्डर घातला असता तरी छतावर थेंब पडलेच असते. अजून एक गंमत अशी की रात्री तापमान उतरलं की आर्द्रतेचा टक्का चढतो पण हवेतलं एकूण पाणी जवळपास तेवढंच असतं, त्यामुळे रात्रीऐवजी दुपारी बसलं तर ब्लशिंग कमी होईल पण होसमधलं पाणी फारसं कमी होणार नाही. त्याने आधी एकदा दुपारी मारून बघितलं होतं, "साय नाही आली पण थेंब आलेच" असं तो सांगत होता आणि ते आम्हाला तेव्हा कोडंच वाटलं होतं.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय, पाऊस संपेपर्यंत थांबायचं. यात चूक काहीच नाही, पण तीन महिने हात बांधून बसायची त्याची तयारी नव्हती.

टाकीवाला कॉम्प्रेसर घ्यायचा, ३ लिटर टाकीचा. तांत्रिकदृष्ट्या हा चांगलाच पर्याय. टाकीत हवा थांबते, धातूच्या भिंतीला लागून गार होते, पाणी तळाशी बसतं, खालचा ड्रेन उघडून काढता येतं, आणि मग रेग्युलेटर-ट्रॅपला बरीच गार हवा मिळते. फक्त चालू कॉम्प्रेसर चांगला असताना दुसरा घेणं त्याला पटेना. मग त्याच्या डोक्यात आलं की जाड पीव्हीसी पाइपला दोन टोप्या लावून घरीच टाकी बनवू. याला मी सरळ नाही म्हटलं आणि कोणीही विचारलं तरी नाहीच म्हणेन. पीव्हीसीत पाणी भरलेलं असेल तर फुटल्यावर गळतं, दाबलेली हवा भरलेली असेल तर तो ठिकऱ्या होऊन उडतो. प्रेशरची टाकी प्रेशरसाठी बनवलेलीच हवी, सेफ्टी व्हॉल्व्हसकट.

सिलिका जेलचा ड्रायर लाइनमधे लावायचा. हा खरंच वाफ पकडतो, ट्रॅपला जे जमत नाही ते करतो. पण हवा गार करून थेंब आधी काढले नाहीत तर जेल बघता बघता ओली होऊन बसते, रंग बदलते आणि परत भाजून वाळवावी लागते. शिवाय तिची धूळ पुढे जाऊ नये म्हणून मागे फिल्टर लागतो. म्हणजे हा शेवटचा टप्पा म्हणून ठीक, पहिला नाही.

कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर हाही पर्याय असतो, गॅस कोरडाच असतो आणि आवाज शून्य. पण बंद खोलीत तो साठतो आणि दार-खिडकी लावून बसायची याची सवय, त्यामुळे मला ते नको वाटलं.

एअरब्रशच्या खालीच लावायचा छोटा इनलाइन ट्रॅप. होसच्या शेवटी हवा गार झालेली असते म्हणून हा थेंब पकडतो. वाटी इवलीशी, लवकर भरते, आणि एअरब्रश आडवा-उलटा केला की पाणी परत पुढे जाऊ शकतं. मदतनीस म्हणून चांगला, त्याच्या एकट्याच्या भरवशावर मात्र नको.

आणि शेवटचा, ज्यावर आम्ही थांबलो, असलेल्या ट्रॅपची जागा बदलायची.

काय केलं

सगळ्यात आधी कॉम्प्रेसर बाथरूमपासून हलवून रंगवायच्या खोलीत आणला, खाली जाड रबराची मॅट टाकून. आवाजाचा प्रश्न रात्री न बसण्याने सोडवला. एसीच्या खोलीत २६ डिग्री आणि ५५ टक्क्याला १ घनमीटर हवेत साडेतेरा ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, आधीच्या २४ च्या तुलनेत जवळपास निम्मं. एक पैसा खर्च न करता निम्मं काम झालं.

मग रेग्युलेटर-ट्रॅप कॉम्प्रेसरवरून काढला आणि टेबलाच्या बाजूला फळीवर उभा बसवला, उभाच, कारण तिरका बसला तर वाटीतलं पाणी वर उडतं. दोघांच्या मधे ५ मीटर तांब्याची बारीक नळी गुंडाळी करून लावली. रबरी होसपेक्षा तांबं उष्णता पटकन सोडतं. गुंडाळी भिंतीवर अशी टांगली की हवा वरून शिरेल आणि उतरत उतरत ट्रॅपपाशी येईल, मधे कुठे खोलगट पोट राहणार नाही, नाहीतर पाणी तिथेच साचून एकदम लोंढा येतो. इथे एक काळजी घेतली, कॉम्प्रेसर ते रेग्युलेटर या भागात पूर्ण प्रेशर असतं, त्यामुळे नळी आणि जोड कॉम्प्रेसरच्या जास्तीत जास्त प्रेशरपेक्षा बरेच वरचे घेतले आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं. एक जोड गळत होता, टेफ्लॉन टेप लावून परत आवळला.

ट्रॅप रेग्युलेटरच्या आधी, पूर्ण प्रेशरवर असण्याचा फायदा मोठा आहे. तिथे गार झालेली हवा पाणी सोडून देते, आणि पुढे रेग्युलेटरमधून १.२ बारला उतरली की फैलावते, तेच उरलेलं पाणी आता जास्त जागेत पसरतं, त्यामुळे होसमधे परत दव धरत नाही. टाकी असो की गुंडाळी, क्रम हाच, आधी दाब, मग गार, मग ट्रॅप, मग प्रेशर कमी.

बसवून झाल्यावर परत आरसा. अठरा, वीस, पंचवीस मिनिटं, एक ठिपका नाही. आणि ट्रॅपच्या वाटीत, जी दोन वर्षं कोरडी होती, तळाशी पाणी! मित्र वाटीकडे बघतच राहिला. मलाही फार बरं वाटलं, चुकीच्या सल्ल्याचं ओझं जरा उतरलं.

ब्लशिंगसाठी वेगळी व्यवस्था. थिनर बदलून मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर घेतला, त्यात रिटार्डर आधीच असतो. वरून वेगळा रिटार्डर फक्त शेवटच्या क्लिअरला घातला आणि थिनरच्या १० टक्क्यांच्या पुढे गेलो नाही, जास्त झाला तर रंग दिवसेंदिवस वाळत नाही आणि खालचं प्लास्टिक मऊ पडायची भीती.

एसीचं मात्र पहिल्या दिवशी फसलं. एसी लावून खोली ५५ टक्क्यावर आणली, बूथ चालू केला आणि पंधरा मिनिटांत मीटर ७० ला. बूथचा पंखा मिनिटाला ३ घनमीटर हवा बाहेर टाकतो, खोली २७ घनमीटरची, म्हणजे नऊ मिनिटांत खोलीभर हवा बाहेर, आणि तेवढीच फटींमधून आत येणार, दमट. एक क्षण तो म्हणाला, "मग बूथ बंद ठेवतो, मास्क आहेच की." इथे मी हट्टाला पेटलो. लॅकरची वाफ श्वासाला तर वाईटच, शिवाय ती पेट घेते, बंद खोलीत साठू द्यायची नाही म्हणजे नाही. मग उपाय असा काढला की शेजारची खोलीही एसीने कोरडी करून मधलं दार उघडं ठेवायचं म्हणजे बूथ निदान कोरडी हवा ओढेल, खिडकीच्या फटी टेपने बंद, आणि क्लिअरचा प्रत्येक कोट पाच मिनिटांत संपवायचा. रंगवलेली बॉडी लगेच सिलिका जेल ठेवलेल्या झाकणाच्या मोठ्या डब्यात. डबा मधून मधून किंचित उघडायचा, सॉल्व्हंटची वाफ आत कोंडू नये म्हणून.

निकाल

बिघडलेली बॉडी सोडून द्यावी लागली नाही. छत आठवडाभर वाळू दिलं, मग २००० ग्रिटच्या ओल्या पेपरने घासलं. थेंबांचे खड्डे सहज निघाले, टिशूची जखम मात्र प्राइमरपर्यंत घासावी लागली आणि तेवढ्या भागावर परत रंग चढवावा लागला. डिकीवरची साय वेगळ्या पद्धतीने काढली, ५२ टक्क्याच्या हवेत नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा. वरची कातडी परत विरघळते, अडकलेलं पाणी निघून जातं, आणि बघता बघता निळा रंग खालून वर येतो. तीन चतुर्थांश डिकी अशी सुधारली. एका कोपऱ्यात साय खोल गेली होती, तिथे फवाऱ्याने काही होईना, घासणंच आलं.

त्यानंतर त्या कारवर चार बैठकी झाल्या, वीस ते पस्तीस मिनिटांच्या, थेंब नाही आणि साय नाही. पाचव्या बैठकीला, ती दुसऱ्याच मॉडेलची होती, परत एक थेंब उडाला. ट्रॅपची वाटी तीन वेळा रिकामी करायची राहून गेली होती आणि पाणी आतल्या चकतीपर्यंत चढलं होतं. तेव्हापासून एअरब्रश धुवायच्या आधी वाटी रिकामी करायची असा क्रम लावून घेतलाय. वाटी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची आहे, ती थिनरने पुसू नको हेही मी त्याला बजावलंय. लॅकर थिनर लागला की त्या प्लास्टिकला केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि प्रेशरखाली वाटी फुटू शकते. साबणाचं पाणी पुरतं.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या बाजूने, दुसरा ट्रॅप सांगायच्या आधी पहिल्या ट्रॅपची वाटी बघायला सांगायला हवं होतं. वाटी भरलेली असती तर ट्रॅप कमी पडतोय म्हणता आलं असतं, वाटी कोरडी आणि होस ओला याचा अर्थ ट्रॅप चुकीच्या जागी आहे. या एका निरीक्षणाला दहा सेकंद लागतात. आणि डागाचा फोटो मागायला हवा होता, गोल सुटे डाग की पसरलेली साय हे फोटोतही कळतं.

त्याच्या बाजूने, पहिला थेंब पडला तिथेच थांबायला हवं होतं. दुसरं म्हणजे रविवारी कारण न सापडताच परत बॉडीवर मारायला नको होतं, टाकाऊ प्लास्टिकवर मारलं असतं तर डिकी वाचली असती.

तांब्याच्या गुंडाळीबद्दल माझ्या मनात अजून एक प्रश्न आहे. पाच मीटर खरंच लागतात का? गुंडाळीच्या शेवटच्या दोन मीटरला हात लावला तर ती खोलीइतकीच गार लागते, म्हणजे हवा त्याच्या आधीच गार झालेली असावी. तीन मीटरने भागलं असतं असं मला वाटतं, पण हवा जास्त वेळ वाहत राहिली तर सुरुवातीचा भाग तापत जातो, त्यामुळे थोडी लांबी शिल्लक असलेली बरी. ज्याच्याकडे टाकीवाला कॉम्प्रेसर आहे त्याने मात्र गुंडाळीच्या भानगडीत पडायच्या आधी टाकीचा तळाचा ड्रेन शेवटचा कधी उघडला होता ते आठवून बघावं. टाकी पाण्याने अर्धी भरली की हवेला थांबायला जागा कमी राहते, आतून गंजते ते वेगळंच.

सिलिका जेलचा ड्रायर आम्ही लावलाच नाही. ग्लॉस काळ्यावर मेटॅलिक मारायचं असेल, जिथे एक ठिपकाही चालत नाही, तेव्हा कदाचित ट्रॅपच्या पुढे लावून बघू. आता थेंब आधीच निघतायत म्हटल्यावर जेल बरीच टिकावी.

तो आरसा मित्राने परत जागेवर नेलाच नाही, बूथच्या शेजारीच खिळ्याला टांगलाय. रंग मिसळायच्या आधी कोरड्या एअरब्रशने पाच मिनिटं त्याच्यावर हवा मारतो, आणि बैठक संपली की वाटीतलं पाणी सिरिंजमधे ओढून वहीत लिहितो. मागच्या रविवारची नोंद: ३० मिनिटं, बाहेर धो धो पाऊस, खोलीत ५८ टक्के, वाटीत दीड मिली.